६२ उत्तरांची वही आणि शेवटची धार

काकू, नमस्कार. मी करवीर तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर उद्यमनगरात एका छोट्या मशीन शॉपमध्ये ११ महिने काम केलं. मग वडिलांची बायपास झाली आणि घरी बसावं लागलं. दोन वर्षं म्हशी आणि ऊस बघितला. आता वडील बरे आहेत. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. पहिल्या ठिकाणी ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’ एकदम पाठ होतं, पण साहेबांनी मध्येच ‘गाव कुठलं?’ विचारलं आणि माझी गाडी जी थांबली ती परत सुरूच झाली नाही. दुसरीकडं ‘दोन वर्षं काय केलं?’ म्हणाले. मी खाली बघून ‘घरीच होतो’ म्हटलं. खरंच सांगण्यासारखं काय होतं? म्हशीच्या दुधाची फॅट बरीच उतरली होती ती का उतरली हे शोधत बसलो होतो, एवढाच काय तो अनुभव. आता पुढच्या आठवड्यात शनिवारी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी बोलावलंय. व्हिडिओ बघून वहीत ६२ प्रश्नांची उत्तरं लिहिलीत. आरशासमोर बोलतो. बहीण बीएड करते, ती सराव घेते म्हणते, पण तिच्यासमोर मला हसू येतं. मित्र म्हणतो, आधी तुझं ‘आलतो, गेलतो’ सुधार. ५,००० रुपयांचा एक क्लास आहे, लावू का?
– अडखळलेला

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी अडचण कळली. दुसऱ्यांदा लक्षात आलं की त्या अडचणीचं निम्मं उत्तर तू त्याच पत्रात लाजत लाजत एका ओळीत लिहून ठेवलंयस. त्या ओळीकडं येतेच. आधी वहीचं बघू.

६२ उत्तरं लिहिलीस, मेहनत घेतलीस, त्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही. पण पहिल्या इंटरव्ह्यूत काय झालं ते आठव. ‘गाव कुठलं?’ यापेक्षा सोपा प्रश्न कोण विचारणार? त्याचं उत्तर तुला बालवाडीपासून येतं. तरी अडलास. का? तर तू साहेबांशी बोलतच नव्हतास. तू डोक्यातली वही वाचत होतास, आणि त्यांनी मध्येच पान उलटलं. साहेबाला बिचाऱ्याला तुझ्याशी दोन शब्द मोकळेपणानं बोलायचे होते, बहुतेक त्याची आत्याबित्या तुझ्या गावात दिलेली असणार.

हसू नको, माझंही हेच झालंय. १९८४ साली पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. रात्रीच्या एसटीत बसून इंग्रजी उत्तरं घोकत गेले. आत गेल्यावर एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘यायला त्रास नाही ना झाला?’ आणि मी सुरू केलं, ‘माय नेम इज...’ तिघांपैकी कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. ती नोकरी मिळाली नाही. पुढं कोल्हापुरातच एका फाउंड्रीच्या पर्सोनेल विभागात लागले आणि २७ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. त्या बाजूनं सांगते, घोकलेलं उत्तर पहिल्या वाक्यात ओळखू येतं. पोराचे डोळे वर छताकडं जातात आणि आवाज शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा होतो.

घोकण्याची गंमत अशी की ते करताना फार बरं वाटतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला लावला. दुसऱ्या गटाला एकदाच वाचायला दिला आणि मग तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर चारदा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तर त्यांना ४० टक्के आठवत होतं आणि न बघता लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहणार असं चारदा वाचणाऱ्यांनाच वाटत होतं! तुझी वही तुला हाच दिलासा देते. रात्री वाचून झोपतोस, वाटतं झालं सगळं.

म्हणून वही आजच मिट. फेकू नको, मिट. उत्तर आठवून, तोंडानं, माणसासमोर द्यायचं. आरशासमोर नाही. आरशात बोललास की सगळं लक्ष स्वतःच्या भुवयांकडं जातं, आणि आरसा उलट प्रश्न विचारत नाही. तुझी गाडी अडते ती नेमकी उलट प्रश्नावर. पहिला प्रश्न सगळ्यांना येतो रे. इंटरव्ह्यू ठरतो दुसऱ्या प्रश्नावर, तुझ्या उत्तरातूनच जो निघतो त्याच्यावर. वहीत तो नसतो आणि कुठल्या व्हिडिओतही नसतो, कारण तू काय बोलणार हे व्हिडिओवाल्याला माहीत नाही.

कोल्हापुरात सल्ला द्यायचा म्हटला की तालीम आणि वस्ताद येतातच, मी टाळणार होते. पण इथं बसतंय ते. नुसत्या जोर-बैठका मारून कुणी खासबागेत उतरत नाही. हौद्यात कुणीतरी अंगावर घ्यावा लागतो, जो तुझी पकड सोडवेल. तो तुझ्या घरातच आहे.

बहिणीला सांग, तिनं मोठेमोठे प्रश्न काढायचे नाहीत. तिनं फक्त तीन शब्द वापरायचे: ‘म्हणजे?’, ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ तू बोलायला लागलास की तिसऱ्या वाक्याला तिनं तुला तोडायचंच, तू कितीही छान बोलत असलास तरी. तू उत्तर द्यायचंस आणि जिथं सोडलं होतंस तिथं परत यायचं, आणि येता आलं नाही तरी पुढं जायचं. एवढाच खेळ. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. हसू येणार. पहिले दोन दिवस दोघंही पोट धरून हसा, तिसऱ्या दिवशी ती कंटाळेल आणि खरा सराव सुरू होईल. बीएडवाली आहे, पोरांना उलटसुलट विचारायचं शिक्षणच घेतेय ती. क्लासवाला ५,००० घेऊन ३० जणांत तुझ्या वाट्याला किती मिनिटं देणार? ते पैसे ठेव. फार वाटलं तर बूट घे. फाउंड्रीत शॉप फ्लोअर दाखवायला नेतात, तिथं चप्पल घालून फिरू देत नाहीत.

आता त्या ओळीकडं.

‘म्हशीच्या दुधाची फॅट का उतरली हे शोधत बसलो होतो.’ अरे, क्वालिटी इन्स्पेक्टर दुसरं काय करतो? माल आला, मोजला, कमी भरला, का कमी भरला ते शोधलं. तू पत्रात एवढंच लिहिलंस म्हणून मी तुला परवा फोनवर खोदून विचारलं. (वाचकांना सांगते, पत्राखाली नंबर होता.) तेव्हा कुठं कळलं की दूध संस्थेत सगळे म्हणत होते पेंड बदला, पेंड बदलली तरी फॅट चढेना. मग तू सकाळची आणि संध्याकाळची फॅट वेगवेगळी लिहायला लागलास. संध्याकाळची ठीक, सकाळची खाली. संध्याकाळी धार आई काढायची, सकाळी गडी. आणि गडी घाईत शेवटची धार न काढता रेडकाला सोडायचा. दुधात सगळ्यात जास्त फॅट त्या शेवटच्या धारेतच असते, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत असतं, पण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तू एक सकाळ आईला धार काढायला लावलीस आणि फॅट वर आली.

फाउंड्रीत याला काय म्हणतात माहीत आहे? रूट कॉज, म्हणजे मूळ कारण. तिथं हाच प्रकार कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, होतो. पहिल्या पाळीचा माल चांगला, तिसऱ्या पाळीत ब्लोहोल, म्हणजे आत पोकळी. कुणी म्हणतं लोखंड खराब, कुणी म्हणतं कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) खराब. मग कुणीतरी शहाणा पाळीप्रमाणे रिजेक्शन वेगळं लिहितो आणि सापडतं की रात्री वाळूत पाणी जास्त पडतंय. वाळूत ओल जास्त झाली की तापलेला रस ओतल्यावर वाफ होते, तिला साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी धरते. तू पेंडीऐवजी धार काढणारा हात बघितलास, तो वाळूतलं पाणी बघतो. डोकं तेच.

म्हणून ‘दोन वर्षं काय केलं?’ याला खाली बघायचं नाही. असं सांगायचं: ‘वडिलांची बायपास झाली, घरचं बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी थांबलो. चार जनावरं आणि ऊस सांभाळला. आता वडील स्वतः बघतात, त्यामुळं मी पूर्ण मोकळा आहे.’ बस. शेवटचं वाक्य विसरू नको, कारण टेबलापलीकडं खरी भीती तीच असते: पोरगं लागणार आणि ऊसतोड सुरू झाली की गायब होणार. आम्ही गॅपला नाक मुरडत नव्हतो, गॅप लपवणाऱ्याला मुरडत होतो. त्यानंतर ‘एखादी अडचण सोडवल्याचं उदाहरण द्या’ आलं, आणि ते येतंच, तर म्हैस सांग. न लाजता सांग. शिरोलीत समोर बसलेल्यांत एखाद्याच्या तरी गोठ्यात म्हैस असतेच, नाहीतर तो गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिऊन मोठा झालेला असतो. तो पुढं सरकून बसेल. आणि मग अडवेल तुला: ‘पण सकाळ-संध्याकाळच्या फॅटमध्ये तसाही फरक असतोच की?’ बरोबर आहे त्याचं, असतो. दोन धारांमधलं अंतर कमी-जास्त असलं की फरक पडतो. मग तुला कशावरून वाटलं की दोष गड्याच्या हाताचा? याचं उत्तर तुझ्याकडं आहे, त्या एका सकाळीत आहे. पण ते आजपर्यंत कधी तोंडानं सांगितलं नाहीस. बहिणीला हाच प्रश्न चार वेगवेगळ्या दिवशी विचारायला सांग. चारी वेळा शब्द वेगळे आले पाहिजेत. तेच शब्द आले तर समज, परत वही तयार व्हायला लागली.

उद्यमनगरच्या ११ महिन्यांचंही असंच उकरून काढ. ‘व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) काम केलं’ हे वाक्य काही सांगत नाही. कुठला जॉब (मशीनवरचा भाग), दिवसाला किती नग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काय, रिजेक्ट किती निघायचे, एकदा तरी तुझ्या हातून काय बिघडलं. शेवटचा प्रश्न हमखास येतो आणि ‘काही नाही बिघडलं’ म्हणणारा खोटा ठरतो.

भाषेचं. तुझ्या मित्राला माझा निरोप सांग: ‘आलतो, गेलतो’मुळं शिरोलीत कुणाची नोकरी गेल्याचं मी २७ वर्षांत बघितलं नाही. समोरचे साहेबही घरी तसंच बोलतात. ते सुधारायला गेलास तर प्रत्येक क्रियापदापाशी अडखळशील. पण इंग्रजी लागत नाही असंही सांगून तुला फसवणार नाही. ड्रॉइंग इंग्रजीत, रिपोर्ट इंग्रजीत, बाहेरच्या ग्राहकाचं ऑडिट आलं की चार वाक्यं बोलावी लागतात. तेव्हा ओळखीची पाच-सहा इंग्रजी वाक्यं तयार ठेव, छोटी, स्वतःची. ती संपली की सरळ विचार, ‘सर, पुढचं मराठीत सांगितलं तर चालेल का?’ हे वाक्यही तोंडानं दहादा म्हण. मनात फार सोपं वाटतं, प्रत्यक्षात घशात अडकतं. मी अनेकांना पाहिलंय, तुटक्या इंग्रजीत अर्धा तास धडपडतात आणि बाहेर पडताना शिपायाला मशीनचा दोष मराठीत झकास समजावतात. आत ऐकायला मिळालं असतं तर घेतलं असतं त्याला.

‘माहीत नाही’ याचाही सराव कर. गंमत नाही. ‘सर, हे मी केलेलं नाही. अंदाज सांगू का?’ असं म्हणायला जमलं पाहिजे. आणि प्रश्न आल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहायला शीक. बहिणीनं विचारलं की मनात चार आकडे मोज, मग तोंड उघड. तुला तो काळ युगासारखा वाटेल, पलीकडच्याला कळतही नाही.

फोनवर एकदा, फक्त एकदा, स्वतःला रेकॉर्ड करून ऐक. ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते मोज आणि रेकॉर्डिंग पुसून टाक. रोज ऐकलंस तर आवाजाचा तिटकारा येईल.

तोंडाबरोबर हातालाही सराव पाहिजे. क्वालिटीच्या इंटरव्ह्यूत टेबलावर व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) असतो आणि एखादा जॉब. ‘माप घ्या’ म्हणतात. दोन वर्षं तू व्हर्निअर धरलेला नाहीस. जुन्या शॉपमधल्या कुणाची ओळख असेल तर एक संध्याकाळ उद्यमनगरात जाऊन बस, चहा पाज आणि हातात घे. जबडे आधी साफ पुसायचे, मिटवून शून्य जुळतंय का बघायचं, मग माप. आम्ही वाचन बरोबर आलं की चूक हे नंतर बघायचो. शून्य तपासलं का, हे आधी. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१, हे झोपेत विचारलं तरी आलं पाहिजे. हे मात्र खुशाल घोक.

आणि हे सगळं वडिलांना समजावून सांग. व्हर्निअर म्हणजे काय, ब्लोहोल म्हणजे काय. त्यांना फाउंड्री माहीत नाही, म्हणून ते खरे प्रश्न विचारतील. बायपास झालेल्या माणसाला दिवसभर करमत नाही, ऐकतील आवडीनं. त्यांच्यामुळं तू घरी थांबलास ही टोचणी त्यांना असणारच. तुझ्या तयारीत त्यांचाही हात लागू दे.

पैशाचं थोडक्यात. ‘अपेक्षा किती?’ विचारल्यावर ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नको. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात तुझ्याबरोबरची पोरं काय घेतात ते दोघा-तिघांना विचार, एक आकडा ठरव आणि तो मोठ्यानं म्हणायचा सराव कर, मान खाली न घालता. मग तू दोन प्रश्न विचार: कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, आणि सांगितलेला पगार हातात येणारा की कापायच्या आधीचा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १२ टक्के पीएफला जातात, त्यामुळं दोन्हींत फरक पडतो. हे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. जो रागावेल तिथं लागायचं का, हे तू ठरव.

शनिवारी जाताना पावसाकडं लक्ष ठेव. शहरातून शिरोलीला जायचं म्हणजे पंचगंगा ओलांडणं आलं, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिथं हायवे बंद पडला होता. शुक्रवारी रात्री राजाराम बंधाऱ्याची पातळी बघ. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी चढत असेल तर सकाळीच कंपनीत फोन करून रस्त्याचं विचार. तो फोनही तुझ्याबद्दल चांगलं बोलतो. पाणी नसेल तर अर्धा तास आधी गेटवर पोच, आणि वॉचमनशी नीट बोल. आमचा वॉचमन संध्याकाळी सांगायचा, कोण कसं बोललं ते. आम्ही ऐकायचो.

एक राहिलं. पत्रात तू लिहिलंयस, फॅट ‘बरीच’ उतरली होती. फोनवरही ‘बरीच’च म्हणालास. बरीच म्हणजे किती? सहावरून पाच, की सातवरून साडेसहा? किती दिवस खाली होती, आणि दहा दिवसांच्या बिलात त्यानं किती रुपये कमी आले? संस्थेच्या जुन्या पावत्या आईनं कुठंतरी पिशवीत ठेवल्या असतील. आज रात्री त्या काढ.

– काकू